टू कलर पायरोमीटरच्या नावाखाली 1,83,580 रुपयांना चुना, फाउंड्री आणि हीट ट्रीटमेंटवाल्यांनी वाचाच

टू कलर पायरोमीटर म्हणजे वितळलेल्या मेटलचं टेंपरेचर न शिवता लांबून मोजणारा सेन्सर. आधी हिशेब मांडतो, शिव्या नंतर घालतो. सेन्सर हेड 92,000. एअर पर्ज कॉलर 9,500. वॉटर कूलिंग जॅकेट 21,000. 4-20 मिलीअँप आउटपुटचं (आकडा पुढं रेकॉर्डरला पाठवायचा सिग्नल) ऑप्शन 8,500. डिस्प्ले 12,000. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं बोर्ड) कॅलिब्रेशन सर्टिफिकेट 5,500. झाले 1,48,500. त्यावर 18 टक्के जीएसटी 26,730, म्हणजे 1,75,230. वर ट्रान्सपोर्टचे टू-पे, म्हणजे माल सोडवताना द्यायचे, 1,850 आणि 'बसवायला इंजिनिअर पाठवतो' म्हणून यूपीआयवर घेतलेले 6,500. टोटल 1,83,580 रुपये. आणि हातात काय आलं, तर ताप बघायच्या गनमधलं असावं तसलं सामान भरलेला एक चकचकीत स्टीलचा डबा.

बेळगावच्या उद्यमबागला आमची छोटी फाउंड्री आहे, ग्रे आयर्न, बहुतेक पंपाचे आणि व्हॉल्व्हचे पार्ट. धंदा वडिलांपासूनचा, त्यामुळे कोणी म्हणू नये की नवीन पोरगं होतं, फसलं. आत्तापर्यंत मेटलचं टेंपरेचर डिप मारूनच बघत आलोय, थर्मोकपलची टिप बुडवायची, आकडा बघायचा, टिप फेकायची. पण कोल्हापूरच्या एका कस्टमरचं ऑडिट झालं आणि ते धरून बसले की प्रत्येक लॅडलचं (मेटल ओतायच्या भांड्याचं) पोअरिंग टेंपरेचर रेकॉर्ड पाहिजे, वहीत पेनने लिहिलेलं चालणार नाही. प्रत्येक लॅडलला डिप मारत बसलो तर टिपचा खर्च परवडत नाही आणि तेवढ्यात मेटलही गार होतं. म्हणून लांबूनच बघणारा इन्फ्रारेड सेन्सर घ्यायचं ठरलं. हौस म्हणून घेतला नाही, ऑर्डर जाणार होती म्हणून घेतला.

आता वितळलेल्या लोखंडाला कुठला सेन्सर लागतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी वाचलं होतं. साधा सेन्सर 8 ते 14 मायक्रॉन वेव्हलेंग्थवर बघतो, तो कागद, अन्न, रबर, मोटरचं बेअरिंग असल्या कामाला बरा. मेटलला शॉर्ट वेव्ह पाहिजे, एक मायक्रॉनच्या आसपासचा, कारण मेटलची इमिसिव्हिटी, म्हणजे गरम पृष्ठभाग किती किरणं बाहेर टाकतो ते प्रमाण, सारखी बदलते आणि वेव्हलेंग्थ जितकी छोटी तितका त्या बदलाचा फटका कमी. हिशेब करून बघा, 1,400 डिग्रीला इमिसिव्हिटी दहा टक्के चुकली तर एक मायक्रॉनवर चूक पडते 20 डिग्रीच्या आसपास, आणि तीच 10 मायक्रॉनवर शंभराच्या वर जाते. त्यातही आमच्याकडं धूर, धूळ, मधेच वाफ, म्हणून टू कलर, म्हणजे दोन वेव्हलेंग्थवर बघून त्यांचा रेशो काढणारा. मधे धूर आला आणि दोन्हीकडं सारखाच उजेड कमी झाला तर रेशो बदलत नाही. एवढं सगळं मी त्या विकणाऱ्या माणसाला फोनवर स्वतःहून सांगितलं. तिथंच त्याला कळलं असणार की ह्याला काय ऐकायचंय.

माणूस पुण्याच्या बाजूचा. एका बी टू बी साइटवर चौकशी टाकली होती, अर्ध्या तासात फोन. आणि काय गोड मराठी ओ त्याची! बेळगाव म्हटल्यावर लगेच, "अरे वा साहेब, बेळगाव कारवार निपाणी, आपलीच माणसं, तुम्हाला डीलर रेटलाच देतो." आता सीमाभागातल्या माणसाला कोणी असं बोललं की तो विरघळतो, हे त्याला बरोबर माहीत. बंगळूरच्या एका डीलरचं कोटेशन माझ्या मेलमधे पडून होतं, महाग होतं पण त्यानं कंपनीचा ओरिजिनल ऑर्डरिंग कोड लिहून दिलेला, त्यातल्या एकेका अक्षराचा अर्थ डेटाशीटमधे सापडत होता. ते मी बाजूला ठेवलं. माझा भाऊ तेव्हाच म्हणाला होता, "आण्णा, हा लई गोड बोलूलालाय." मी त्यालाच झापलं.

ह्या पुणेवाल्याचं कोटेशन म्हणजे हॉटेलच्या मेनूसारखं. डिस्टन्स टू स्पॉट रेशो कितीचा देऊ, 20:1, 60:1 का 100:1? रेंज 600 ते 1600 की 700 ते 1800? आउटपुट 4-20 देऊ का आरएस 485 मॉडबस? केबल किती मीटर, हायटेंप पाहिजे का साधी? एअर पर्ज लागणारच साहेब, लेन्सवर धूळ बसते. वॉटर जॅकेट घ्याच, इलेक्ट्रॉनिक्स 60-70 डिग्रीच्या वर टिकत नाही. हे सगळं खरंच आहे, एकही गोष्ट खोटी नाही, खोटा फक्त माल. तो एवढे बरोबर प्रश्न विचारत होता की मला वाटलं हा जाणकार आहे. मी 100:1 घेतला, कारण सेन्सर भट्टीच्या नळीपासून दोन मीटरवर बसणार होता, 100:1 म्हणजे दोन मीटरवर 20 मिलिमीटरचा स्पॉट, आमची धार साधारण बोट-दीड बोट जाड, त्यात बसतो. 20:1 घेतला असता तर स्पॉट 100 मिलिमीटरचा, म्हणजे धार थोडी आणि मागची भिंतच जास्त. बघा, इतका विचार करून घेतलेलं आहे.

आता जिथं माझं डोकं अजून भणभणतं ते सांगतो. कोटेशनबरोबर त्यानं दोन पानांची पीडीएफ पाठवली होती. वर टू कलर, 600 ते 1600, सगळं ठळक. आणि दुसऱ्या पानावर तळाला बारीक अक्षरात, स्पेक्ट्रल रिस्पॉन्स 8-14 मायक्रॉन. इमिसिव्हिटी 0.95 फिक्स. टू कलरमधे दोन वेव्हलेंग्थ लिहिलेल्या असतात आणि इमिसिव्हिटीच्या जागी स्लोप (दोन्ही वेव्हलेंग्थच्या इमिसिव्हिटीचा रेशो) नावाचं सेटिंग असतं, हे मला माहीत होतं, मी त्याला फोन करून विचारलंसुद्धा, "ह्यात स्लोप कुठं दिसत नाही?" तो हसला. "साहेब, स्लोप ऑटो आहे, आणि ते 8-14 जुन्या मॉडेलचं कॉपी-पेस्ट राहिलंय, ऑफिसच्या पोरीची चूक, सुधारून पाठवतो." आणि पाठवलं ओ त्यानं! दहा मिनिटांत 8-14 खोडून तिथं दोन आकडे टाकलेली नवी पीडीएफ. दहा मिनिटांत डेटाशीट बदलते, म्हणजे ती डेटाशीट कंपनीची नाही, त्याच्या लॅपटॉपमधली वर्ड फाइल आहे. हे तेव्हा सुचलं नाही. ऑडिटवाल्यांचा दिवसाआड फोन, भट्टीचं लायनिंग त्याच आठवड्यात गेलेलं, माणूस कुठं कुठं लक्ष देणार?

पन्नास टक्के ॲडव्हान्स, 87,615, एनईएफटी. बेनिफिशियरी ॲड करताना नाव आलं एका बाईमाणसाचं, लेटरहेडवर मात्र प्रायव्हेट लिमिटेड. विचारलं तर म्हणाला, डायरेक्टर मॅडम आहेत. कंपनीचे पैसे डायरेक्टरच्या खात्यात जात नसतात, हे आमच्या सीएनं नंतर ऐकवलं, आणि वरून हेही दाखवलं की जीएसटी नंबरातच सगळं होतं. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, सी असेल तर कंपनी, एफ असेल तर फर्म, पी असेल तर एकटा माणूस. ह्याचं पी होतं. तुमच्या सगळ्या सप्लायरचे नंबर आजच काढून बघा. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की शेवटचं रिटर्न कधी भरलंय तेही दिसतं, लॉगिन लागत नाही.

उरलेले 87,615 मागायच्या आधी व्हिडिओ पाठवला. कुठल्यातरी भट्टीसमोर सेन्सर, डिस्प्लेवर 1,420. व्हिडिओत सीरियल नंबर कुठंच नाही, आवाजात हिंदी. आम्ही पैसे सोडले.

खोका आला. आता हा क्षण नीट वाचा, कारण ह्यात पैसे गेले नाहीत पण इज्जत गेली. ऑफिसच्या टेबलावर 24 व्होल्ट सप्लाय जोडला, डिस्प्ले पेटला, आकडा आला 31. खोलीत तेवढंच होतं. मेस्त्रींनी तळहात समोर धरला, 34. आम्ही सगळे खूश. "बरोब्बर दाखवतंय की ओ!" चहा मागवला. अरे, 600 ते 1600 रेंजचं मशीन 31 दाखवेलच कसं? त्यानं तर डॅश दाखवायला पाहिजेत, नाहीतर अंडररेंज. हात बघून 34 सांगणारं मशीन म्हणजे लाँग वेव्हच. लेन्सही काळपट, आरशागत, आरपार काही दिसत नव्हतं. ती बहुतेक जर्मेनियमची असते 8-14 ला. शॉर्ट वेव्हची लेन्स साध्या काचेची, कॅमेऱ्यासारखी आरपार दिसते. अजून सोपी टेस्ट सांगतो, फुकटची: गरम वस्तूसमोर सेन्सर धरा आणि मधे खिडकीची साधी काच आणा. शॉर्ट वेव्ह असेल तर आकडा थोडाच हलेल. 8-14 चा असेल तर त्याला काचेपलीकडचं काही दिसत नाही, तो काचेचंच टेंपरेचर सांगत बसतो. ही टेस्ट पैसे देण्याआधी लाइव्ह व्हिडिओ कॉलवर करून मागा.

भट्टीवर नेलं तर काय तमाशा. डिप मारला 1,410, आणि हे महाशय 540 पासून 1,180 पर्यंत उड्या मारतायत. मेटल स्वच्छ दिसलं की आकडा खाली, स्लॅगचा (मेटलवर तरंगणाऱ्या मळीचा) पापुद्रा आला की वर. स्लॅगची इमिसिव्हिटी जास्त, म्हणून. म्हणजे ते टेंपरेचर नाही, स्लॅग मोजत होतं. पोरं हसायला लागली. वॉटर जॅकेट म्हणून 21,000 घेतले त्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्याला पाणी आत जायला निपलच नाही, बाहेर यायलाही नाही. नुसती नळी. हे अनपॅक करतानाच दिसलं होतं, पण वाटलं निपल वेगळ्या पाकिटात असतील.

त्याला फोन केला तर आधी म्हणाला इमिसिव्हिटी कमी करा. मग एअर प्रेशर कमी आहे. मग तुमच्या हवेत तेल आहे. मग इंजिनिअर पाठवतो, त्याचे 6,500 आधी टाका. टाकले. इंजिनिअर हुबळीपर्यंत आलाय, उद्या पोचतो, त्याची आई आजारी पडली, असं करत महिना घालवला. तो महिना त्यानं मुद्दामच घालवला, खात्यातले पैसे उचलेपर्यंत आम्हाला आशेवर ठेवलं. म्हणून सांगतो, संशय आला त्याच मिनिटाला 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा, समोरच्याला 'शेवटची संधी' देऊ नका. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त, नंतर अवघड.

शेवटी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या ओळखीच्या इन्स्ट्रुमेंटवाल्याकडून उघडून घेतला. बाहेरच्या स्टिकरखाली दुसरं स्टिकर, त्यावर 8-14 मायक्रॉन, 20:1. आत एक छोटा बोर्ड. सर्टिफिकेटवर कॅलिब्रेशनचे पॉइंट 100, 250 आणि 400 डिग्री! 1600 च्या मशीनला 400 पर्यंतचं कॅलिब्रेशन! त्यावर यूएलआर नंबर (लॅबच्या प्रत्येक रिपोर्टचा स्वतंत्र नंबर) होता, ज्या लॅबचं नाव होतं तिथं फोन केला तर ती लॅब खरी, पण म्हणाले हा नंबर आमचा नाही. सर्टिफिकेट हातात आलं की लॅबला फोन करा, लॅबचा स्कोप, म्हणजे कशाकशाची मान्यता आहे ते, एनएबीएलच्या साइटवर बघा, त्यात तुमचं टेंपरेचर आहे का बघा. पाच मिनिटांचं काम.

आता पुढची वरात. पोलीस स्टेशनात गेलो. तक्रार मराठीत लिहून नेली होती, म्हणाले कन्नड किंवा इंग्लिशमधे आणा. आणली. मग साहेब नाहीत, "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या. उद्या गेलो तर बंदोबस्त. परत गेलो तर साहेबांनी डबा हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "माल आला ना? मग फसवणूक कसली? क्वालिटीचा प्रॉब्लेम आहे, सिव्हिल आहे, कोर्टात जा." मी म्हटलं साहेब, सोनं सांगून पितळ दिलं तर तुम्ही काय म्हणाल? तर म्हणाले सोनाराकडं जा. वर हसले. न्याय संहितेत कलम 318 आहे, फसवणुकीचं, जुनं 420 तेच, वकिलाकडून लिहून घेऊन गेलो, तर म्हणे आरोपी महाराष्ट्रातला, तिकडं जाऊन तक्रार द्या. झीरो एफआयआर म्हणून आता कायद्यातच आहे, कुठंही नोंदवून पुढं पाठवता येते, हे सांगितलं तर असं बघितलं जसं काही मीच चोर. तिकडं पुण्याच्या बाजूला फोन केला, ते म्हणाले पैसे बेळगावातून गेलेत, कर्नाटकातच द्या. सीमावाद सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडलाय, आमची तक्रार पण त्याच फायलीत लावायची का, विचारावंसं वाटलं. मराठी म्हणून इकडचे ढकलतात, बेळगावचे म्हणून तिकडचे ढकलतात. मोर्च्याला बोलवायला मात्र दोन्हीकडचे येतात.

बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले तुम्ही स्वतः ओटीपी टाकून पाठवलेत, आम्ही काय करणार. मग ते नाव वेगळं दिसलं तेव्हा तुमच्या सिस्टिमनं थांबवलं का नाही? "सर, नाव दाखवलं ना सर." जीएसटीची गंमत वेगळीच. त्यानं बिल दिलं पण रिटर्न भरलंच नाही, त्यामुळे आमच्या 2बी मधे (जीएसटी पोर्टलवरचं खरेदीच्या क्रेडिटचं स्टेटमेंट) ते आलंच नाही, 26,730 चं क्रेडिटही गेलं. ऑफिसात विचारलं तर म्हणे रजिस्ट्रेशन दुसऱ्या राज्यातलं, तिकडं कळवा. टॅक्स आम्ही भरला, खाल्ला त्यानं, आणि कळवायचं पण आम्हीच. ग्राहक कोर्टाचं विचारलं तर वकील म्हणाले धंद्यासाठी घेतलेल्या मशीनला ग्राहक धरत नाहीत, स्वतःच्या पोटापाण्यापुरता धंदा असेल तर वेगळं, तुमच्याकडं कामगार आहेत. एमएसएमईचं, म्हणजे लहान उद्योगांचं, समाधान पोर्टल आहे ते विकणाऱ्याचे पैसे अडकले तर, घेणाऱ्यासाठी नाही. कमर्शियल कोर्टात तीन लाखांच्या वरचं लागतं. मग राहिलं साधं सिव्हिल कोर्ट, तिथं नंबर लागेपर्यंत भट्टी मुलगा चालवत असेल. नोटिशीचे 3,000 वकिलानं घेतले, नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत आली.

काही जण म्हणतील स्वस्तात बघायला गेलास. अरे 1,75,230 हे स्वस्त आहे का? बंगळूरवाला थोडा वर होता एवढंच. शेवटी त्याच्याकडूनच घ्यावा लागणार आहे. ह्या वेळी अट घातलीय, माल आधी आमच्या भट्टीवर डिपच्या शेजारी चालवून दाखवायचा, मग उरलेले पैसे. त्यानं विनातक्रार मान्य केलं. अजून एक, ऑप्शनचे पैसे लावलेत तर प्रत्येक ऑप्शनचा फोटो मागा, जॅकेटला पाण्याची दोन भोकं आहेत का हे फोटोत दिसतं. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) वेव्हलेंग्थ आकड्यात लिहा, नुसतं टू कलर लिहू नका. ई-वे बिलाचा नंबर घ्या, 50,000 च्या वरचा माल राज्याबाहेरून येताना ते लागतंच, आमच्या खोक्याबरोबर नव्हतं आणि ट्रान्सपोर्टवाल्यानंही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात संकेश्वरकडच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्या मित्रानं मला कोटेशन दाखवायला पाठवलं. कंपनीचं नाव नवीन, खातं दुसऱ्याच्या नावावर, पण तीच दोन पानांची पीडीएफ, तीच पाच ऑप्शन, वॉटर जॅकेट 21,000 तेच. सेन्सर हेडचं फक्त 89,000 केलंय. मित्राला म्हटलं व्हिडिओ कॉल लाव आणि मधे काच धरायला सांग. त्यानं लावला. "बेळगाव कारवार निपाणी" पर्यंत छान चाललं होतं, काचेचं नाव काढल्यावर समोरून रेंज गेली, आणि आता नंबर लागत नाही.